हातमोजा कुणामुळे गेला

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. बायकोपुढे नाही, पुण्याला आईशी फोनवर तासन्‌तास बोलतो तेव्हा नाही, आणि जिच्यापुढे काढायला हवं होतं तिच्यापुढे तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू — माहीत नाही. गेल्या आठवड्यात स्लोटरडाइक स्टेशनच्या फलाटावर जे झालं, त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर नाही. रात्री उठून अंगणात जाऊन उभा राहतो. वृषाली, माझी बायको, म्हणते बीपी तपासून घे. हाउसआर्ट्सची, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरची, वेळही घेऊन ठेवलीय तिने. आता त्या डॉक्टरला मी काय सांगणार?

फलाटावर येतो. पण आधी हातमोजा.

आम्ही नीउ-व्हेनेपला राहतो, डच लोकांच्या देशातलं एक छोटं गाव. कंपनीने मला पुण्याहून इकडे पाठवलं तेव्हा सानिका, आमची एकुलती एक, शाळेच्या खालच्या वर्गात होती. इथली मुलं चालायला लागली की बर्फावरही चालायला लागतात. आमची मुलगी पहिल्या हिवाळ्यात नुसती धडपडत होती. कुणीतरी दया येऊन तिला आइस हॉकीच्या गोलपोस्टमध्ये उभं केलं — तू इथे उभी राहा, काही आलं तर अडव. तिने अडवलं. मग अडवतच गेली. तुम्हाला हा खेळ माहीत नसेल तर एवढंच सांगतो, की त्यात चेंडू नसतो, कडक रबराची एक चकती असते, पक म्हणतात तिला. ती बर्फावरून इतक्या वेगाने येते की मला गॅलरीतून दिसायचीच नाही. गोलकीपरला लागल्याचा आवाज आला की कळायचं, वाचलो.

गोलकीपरची बॅग सायकलवर मावत नाही. पायांचे पॅड, छातीचं चिलखत, जाळीचा मुखवटा — एक माणूस घडी घालून भरावा एवढी ती बॅग. म्हणून सानिका कॉलेजात गेल्यावरही तिला मॅचला मीच गाडीने नेत असे. इथे कॉलेजच्या मुलांच्या मॅचला आईबाप येत नाहीत. गॅलरीत बाप म्हणून मी एकटाच. अंगात स्वेटरवर स्वेटर, मांडीवर चिवड्याचा डबा. सानिकाला लाज वाटायची का? सुरुवातीला वाटली असेल. पण तिच्या टीममधली फेम्के मॅच संपली की आधी माझ्याकडे यायची आणि डब्यात हात घालायची. उंच, लाल गालांची, मोठ्याने हसणारी. आमच्याकडे राहायला यायची, वृषालीच्या हातची आमटी वाटीने प्यायची. इतर मराठी मुलं मला हाक मारतात ती ऐकून तीही मला काका म्हणायला लागली. तिला येत असलेला तो एकच मराठी शब्द.

आता बक्षिसाचं. विद्यार्थ्यांच्या लीगमध्ये दर हंगामाच्या शेवटी सगळ्यांत चांगल्या गोलकीपरला मान देतात. कप नाही, पदक नाही. जुन्या जमान्यातला चामड्याचा एक हातमोजा, बोटांशी फाटलेला, लाकडी फळीवर ठोकलेला. वर्षभर आपल्या घरी ठेवायचा आणि पुढच्या वर्षी पुढच्याला द्यायचा. सगळे त्याला नुसतं ‘हातमोजा’ म्हणायचे. यंदा हातमोजा कुणाचा? त्या वर्षी सगळे म्हणत होते, सानिकाचा. तिने तर खोलीतल्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता. वृषाली ओरडली, भाड्याच्या घराच्या भिंतीला भोक पाडलंस म्हणून. मी मात्र गुपचूप त्या खोलीत जाऊन तो खिळा बघून यायचो. इतका खूश होतो मी.

खूश होतो — हे लक्षात ठेवा. मला तिचं वाईट करायचं नव्हतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाहीये. वाईट करायचं नसताना माणूस काय करून बसतो, याचा मला अजूनही धक्का बसतो, म्हणून सांगतोय.

त्या हंगामात, ऐन थंडीत, एकदा पक तिच्या मुखवट्याच्या खाली, गळ्याशी लागला. गळ्याभोवती जाड पट्टा होता म्हणून वाचली. जखम काही नाही, पण त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. घरी परतताना गाडीत तिने मला सांगितलं. पक जवळ आला की तिचे डोळे आपोआप मिटतात. क्षणभरच. सवयीने हात बरोबर जागी जातो, पक अडतो, कुणाला कळतही नाही. पण तिला कळतं. "बाबा, डोन्ट टेल एनीवन, ओके? आईला पण नको. फक्त तुला आणि फेम्केला माहितीये." मी म्हणालो, नाही सांगणार गं. स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

मग फेम्केने काय केलं, ऐका. जवळजवळ रोज ती सायकलवरून आमच्या घरी यायची. मागच्या अंगणात सानिकाला मुखवटा घालून भिंतीशी उभी करायची आणि तिच्या तोंडावर टेनिसचे चेंडू मारायची. डोळे उघडे ठेव. परत. डोळे उघडे. परत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो. वृषालीला वाटायचं, हाही सरावाचाच प्रकार असेल. हळूहळू ते गेलं. सानिकाने एक दिवस अंगणातून आत येऊन मला नुसता अंगठा दाखवला. डोळे मिटणं थांबलं होतं. म्हणजे पुढे मी जे बोललो, ते बोललो तेव्हा खरंही राहिलेलं नव्हतं.

हं. आता बोलतो.

हेंक नावाचे एक आजोबा मॅचला यायचे. स्वतः एके काळचे गोलकीपर. हातमोजा कुणाला द्यायचा ते ठरवणारे तिघे जण होते, त्यातले हे एक. मला हे माहीत होतं का? होतं. चांगलं माहीत होतं. आमची मैत्री चिवड्यावर झाली होती, पण बक्षिसाचं मी त्यांच्याकडे कधी काढलं नव्हतं, मला बरं वाटलं नसतं ते. हंगामाच्या शेवटाकडची मॅच होती. सानिकाने त्या दिवशी अक्षरशः काही आत जाऊ दिलं नाही. हेंक माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तुमची मुलगी कमाल आहे, तिला भीती कशी ती ठाऊकच नाही.

तुमच्या मुलाचं कुणी तोंडावर असं कौतुक केलं तर तुम्ही काय म्हणता? मला माहीत आहे काय म्हणता. छे हो, कसलं काय! आमची आई तर कुणी मला ‘हुशार आहे’ म्हणालं की लगेच ‘अहो, कसला हुशार, परवा गणितात भोपळा आणलान्‌’ म्हणायची, आणला नसला तरी. मूल बाहेर निघालं की गालाला काळी तीट लावतात ना, तसं ते बोलणं. समोरचाही मराठी असतो, त्याला ते ठाऊक असतं. तो आणखी कौतुक करतो, आपण आणखी नाही-नाही म्हणतो, आणि दोघंही खूश होऊन घरी जातात.

मी म्हणालो, "छे छे, कसली कमाल! पक आला की डोळे मिटून घेते ती. पकच येऊन तिच्या हातात बसतो." आणि हसलो. मोठ्याने.

हेंक हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, खरंच? डोळे मिटते? मी तेव्हा सावरायला हवं होतं की नाही? पण मी त्या भरात होतो, गोष्ट रंगवायच्या भरात. म्हणालो, खरंच, तिनेच मला सांगितलंय. ते ‘हं’ म्हणाले आणि बर्फाकडे बघत राहिले. मी त्यांच्यापुढे डबा धरला. त्यांनी चिमूटभर चिवडा घेतला.

बरीच वर्षं मी स्वतःला एवढीच गोष्ट सांगत आलो. आपल्याकडची रीत त्यांना कळली नाही, ही माणसं सगळं शब्दशः घेतात, माझी जीभ घसरली. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

बक्षीस रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कँटीनमध्ये दिलं गेलं. सानिका, फेम्के, सगळी टीम एका टेबलाशी. मी मागे कोट ठेवायच्या खुंट्यांपाशी उभा. हेंकनी हातमोजा वर धरला आणि इथल्या पद्धतीने, काही आडपडदा न ठेवता बोलायला लागले. दोन नावं होती. दोघीही छान. पण सानिकाच्या बाबतीत आम्हाला जवळच्या माणसाकडून असं समजलं, की पक येताना ती डोळे मिटते. आमच्या मते गोलकीपरने आधी पाहायला हवं. तिने यावर काम करावं, पुढच्या वर्षी हातमोजा तिचाच असेल. हे सगळं प्रेमाने, हां. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. हातमोजा दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलीला गेला.

जवळच्या माणसाकडून! मी सानिकाकडे बघितलं. आता ती मान वळवणार, माझ्याकडे बघणार. मी भिंतीला टेकलो.

तिने मान वळवली. फेम्केकडे.

माझ्याकडे ती वळलीच नाही. बाबा सांगेल, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. फेम्के गोंधळून मान हलवत होती — नाही, नाही, मी नाही — आणि सानिका उठून बॅग भरायला निघून गेली. जाता जाता हेंकनी माझा खांदा दाबला. तुम्ही प्रामाणिकपणे बोललात, बाप असून. आभारी आहे, म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. हो, मानले! काय करत होतो मी? मला आजही कळत नाही.

घरी आल्यावर वृषालीने विचारलं, काय गं, कुठाय हातमोजा, आणि मग ती फुटली. रडत रडत, डच, इंग्लिश, मराठी, सगळं एकत्र. वृषालीला तेव्हाच सगळं पहिल्यांदा कळलं. मग सानिका माझ्याकडे वळली. ओट्याला पाठ टेकून, लाल डोळ्यांनी. "बाबा, फेम्केनेच सांगितलं ना? शीज माय बेस्ट फ्रेंड. ती असं करेल? तुला काय वाटतं?"

विचारलं होतं तिने मला. सरळ, माझ्याकडे बघून. मी गप्प बसलो असतो तरी भित्रा ठरलो असतो. पण मी गप्पही बसलो नाही.

मी म्हणालो, "मग आणखी कोण सांगणार? तीच असणार."

माझाच आवाज. शांत, समजूतदार, बापाचा. मी तो ऐकला आणि हादरलो — आणि तरीही थांबलो नाही. पुढे काय काय म्हणालो, तेही सांगतो, अर्धवट नको. म्हणालो, ही माणसं तोंडावर गोड असतात, आपण पटकन जीव लावतो, आपलं चुकतं. जिने महिनाभर माझ्या अंगणात उभं राहून माझ्या मुलीची भीती घालवली, तिच्याबद्दल बोललो हे. वृषालीने मान डोलावली. सानिकाने डोळे पुसले. मी तिला पाणी दिलं.

दोन-तीन दिवसांनी फेम्के दारात आली. सायकल कुंपणाला लावून, केस भिजलेले. काका, म्हणाली, सानशी बोलायचंय, मी नाही सांगितलं कुणाला. सानिका वर तिच्या खोलीत होती. मी म्हणालो, ती घरी नाही. वरून तिच्या खोलीतल्या गाण्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. फेम्केनेही तो ऐकला. माझ्याकडे बघितलं. मग सायकल घेऊन गेली.

पुढच्या हंगामात सानिका खेळली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, अभ्यास आहे. बॅग गॅरेजमध्ये गेली, नंतर कुणाला तरी देऊन टाकली. हेंकना भेटायचा प्रश्नच उरला नाही, आणि — हेही सांगूनच टाकतो — मला सुटल्यासारखं वाटलं. आता सानिका रॉटरडॅमला असते, चांगली नोकरी आहे, चांगला नवरा आहे. लग्नाच्या वेळी वृषाली म्हणाली, त्या फेम्केला बोलवायचं का गं, किती यायची आपल्याकडे. सानिका म्हणाली, नको. मी तेव्हा हॉलवाल्याशी फोनवर बोलत होतो. बोलत राहिलो. तो खिळा अजून तिच्या खोलीत आहे. वृषाली त्याला इस्त्रीचे कपडे अडकवते.

तर — फलाट.

माझं ऑफिस हल्ली स्लोटरडाइकला आहे. संध्याकाळची घरी जायची ट्रेन यायची होती, वारा सुटला होता, मी कॉलर वर करून उभा. मागून कुणीतरी हाक मारली, "काका!" मला वाटलं आपल्यापैकी कुणाचं तरी पोर असेल. वळलो. फेम्के होती. गाल तसेच लाल. हातात बाबागाडी, आत एक गुबगुबीत बाळ झोपलेलं. मी तिला ओळखलं नाही असं दाखवावं का, हा विचार पहिल्यांदा मनात आला. तोही सांगून टाकतो.

तिने माझी, वृषालीची चौकशी केली. आमटीची आठवण काढली. मग सान कशी आहे, विचारलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, काका, मला कधीपासून तुमच्याशी बोलायचं होतं. त्या हिवाळ्यात मी पार्ट्यांना जायची, बिअर प्यायची, कितीदा तर काय बोलले ते सकाळी आठवायचं नाही. मला अजूनही आठवत नाही, पण मीच कधीतरी बोलून गेले असणार. आधी मी नाही-नाही म्हणत राहिले. पण मग सानने मला लिहिलं, की तुम्हीसुद्धा तेच म्हणालात. तेव्हा मला वाटलं, काका उगीच कुणावर असा आळ घेणार नाहीत. म्हणजे मीच. मीच केलं ते. सॉरी, काका. इतकी वर्षं मला नीट —

ती वाकून बाळाचं पांघरूण नीट करायला लागली.

कळतंय का तुम्हाला? तिच्या डोक्यात मी ते घातलं होतं. न केलेलं पाप तिने, माझ्या शब्दाखातर, आपलं म्हणून पदरात घेतलं होतं. इतकी वर्षं ते वागवत होती. समोर ट्रेनचे दिवे दिसायला लागले होते. किती सोपं होतं! फक्त एवढं म्हणायचं, फेम्के, तो मी होतो. मराठीत, डचमध्ये, कुठल्याही भाषेत. ते शब्द अगदी जिभेवर आले होते, मी शपथ घेऊन सांगतो. नको, शपथ नको. तसं म्हणायचा मला हक्क नाही.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सानिकाच्या डोक्यावर ठेवला होता, तसाच. आणि म्हणालो, "जाऊ दे आता. लहान होतीस तू. आमच्या मनात काही नाही."

माफ केलं मी तिला. समजतंय ना? मी — तिला!

तिने मला मिठी मारली. हमसून हमसून रडली, बाळ जागं झालं. ट्रेन येऊन उभी राहिली, दारं उघडली. ती मागे झाली, नाक पुसून हसली, आणि तिचा चेहरा इतका हलका झालेला दिसला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हणाली, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात, काका. थँक यू.

आणि मी गाडीच्या पायरीवरून, हात हलवत, सवयीने म्हणालो — छे छे, कसलं काय.